फळी हलते

शारजा, औद्योगिक क्षेत्र तेरा.
टायरच्या गोदामामागे आमची कंपनी,
पाटीवर निळा पाय, खाली दोन भाषांत 'पुन्हा चला'.
आत एसी इतका की मी मे महिन्यात स्वेटर घालते.

एका भिंतीला हात टांगलेले, कोपरापासून खाली,
बोटं अर्धी मिटलेली, सुटे पैसे धरल्यासारखी.
दुसऱ्या भिंतीला सांगाडे: कमरेला पट्टा,
मांडीला मोटर, पाठीवर बॅटरी,
अंगात माणूस नाही.

माणूस सकाळी आठला येतो.
इस्माईल हमदुले, मूळ म्हसळ्याचे, वय एकावन्न.
बावीस वर्षं खाडीवर लाँचमध्ये माल चढवला,
इराणला जाणारे फ्रीज, टायर, बासमतीची पोती.
आता ते आमचे 'चाचणी-देह'.
असं करारात आहे. मी नाही लिहिलेलं.

सांगाडा चढवायचा, पंचवीस किलो उचलायचे,
बारा पावलं, ठेवायचे. परत.
दिवसाला तीनशे वेळा.
त्यांच्या गुडघ्यातून यंत्र शिकतं
आणि माझ्या पडद्यावर रेघा धावतात.

रेघा साफ करायच्या, हे माझं काम.
इचलकरंजीत आई मेंडिंगला जायची,
ठाणभर कापड मांडीवर ओढून
चिमट्यानं गाठी वेचायची, मीटरवर पैसे.
मी काही वेगळं करायला निघालेय
असं विमानात बसताना वाटलं होतं.

गाठ सापडली ती एकाच जागी.
ओझं हातात आलं की, निघण्याआधी,
रेघ सपाट. अर्धा सेकंद. थोडा कमीच.
डॉक्टर वहीद म्हणाले, दोष आहे, काढून टाक.
मी हमदुलेचाचांना विचारलं, गुडघा दुखतो का?
"गुडघा नाय गो. फळी हलते."
कुठली फळी? खाली इपॉक्सीची जमीन, आरशासारखी.
"धक्का आन् लाँच यांच्यामदी असते ती.
आदी लाट जाव दे खालून. मंग पाय."

खाडी सोडून त्यांना दोन वर्षं झाली होती.

मी ती गाठ काढली नाही.
मोठं काही नव्हतं त्यात, उगाच कुणाला वाटायला नको.
गुरुवार होता, साडेपाचची बस होती,
काढायची तर चार हजार फायली उघडाव्या लागणार.
बसमध्ये मात्र मला एकटीलाच हसू येत होतं.

जूनमध्ये त्यांचा करार संपला.
यंत्राला पुरेसं येतं आता, असं कळवण्यात आलं.
हिशेब, तिकीट, कंपनीच्या छापाची बॅग.
बॅग उचलली त्यांनी, आणि दारापाशी थांबले.
मग दार सरकलं, ऊन आत आलं.

पहिला सांगाडा अजमानच्या दवाखान्यात,
शम्साबाईंना. अर्धांगवायू, उजवी बाजू, तीन वर्षं खुर्चीत.
मुलगा व्हिडिओ काढत होता.
बाई उभ्या राहिल्या, मोटर गुणगुणली,
आणि सगळं थबकलं.

वहीद माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे.

पाऊल पडलं.
चार पावलांवर बाई टेकल्या, पुन्हा निघाल्या.
पुन्हा तेवढंच थांबणं.
त्या अरबीत काही बोलल्या, मुलगा हसला.
मला नर्सनं सांगितलं:
म्हणतात, आधीचं मशीन फरफटत न्यायचं.
हे बिस्मिल्ला म्हणतं, मग चालतं.

संध्याकाळी फाइलमधला 'दोष' खोडला.
त्या जागी काय लिहावं सुचेना.
रकाना रिकामाच आहे अजून.

पुढच्या महिन्यात चाळीस सांगाडे
जेबेल अलीच्या गोदामात चाललेत.
चाळीस माणसं, कोरड्या जमिनीवर,
ओझं हातात घेऊन एकदम थांबतील.
मुकादम ओरडेल, काय झालं?
कुणालाच सांगता येणार नाही.